मॅनेजर ठेवावा की काढावा? मँचेस्टरच्या चाहत्यांचा न संपणारा वाद

संध्याकाळी आमच्या वस्त्यांतून फेरफटका मारला तर लाल टी-शर्ट घातलेली चार-दोन पोरे हमखास दिसतात. छातीवर त्रिशूळधारी सैतानाचे चित्र, पाठीवर कुठल्यातरी गोऱ्या किंवा काळ्या खेळाडूचे नाव. ही पोरे मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील फुटबॉल क्लबची चाहती. शनिवार-रविवार रात्री ती टीव्हीपुढून हलत नाहीत, आणि संघ हरला की दुसऱ्या दिवशी नाक्यावर वाद ठरलेला. एक म्हणतो, मॅनेजरला काढा. दुसरा म्हणतो, त्याला वेळ द्या. घरातल्या आयांना प्रश्न पडतो की, सातासमुद्रापलीकडच्या माणसाच्या नोकरीवरून ही पोरे एवढी हमरीतुमरीवर का येतात?

प्रश्न रास्त आहे, पण पोरांना हसण्यासारखे त्यात काही नाही. हा वाद मूळचा मँचेस्टरचा. तिथल्या कामगार वस्त्यांत, दारूच्या गुत्त्यांत, मैदानाच्या पायऱ्यांवर तो पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. एका माणसाला कामावर ठेवायचे की काढायचे, आणि ते ठरवायचे कोणी, असा तो वाद आहे. कामावरून काढले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना शिकवायला नको. म्हणूनच हा विषय या पानांवर घेण्याचे आम्ही ठरवले.

आधी एक खुलासा. आपल्याकडे मॅनेजर म्हटले की बँकेतला किंवा गिरणीतला साहेब डोळ्यांपुढे येतो. इंग्लंडच्या फुटबॉलमधला मॅनेजर तसा नव्हे. अकरा जण कोण खेळणार, कोणत्या पद्धतीने खेळणार, कोणाला बाकावर बसवायचे हे तो ठरवतो. कोणता खेळाडू विकत घ्यायचा यातही त्याचा शब्द असतो. पूर्वी तर तोच शेवटचा शब्द असे. क्लबचा मालक वेगळा. पैसा मालकाचा, शिव्या मॅनेजरच्या, अशी ही वाटणी आहे.

रेल्वे कामगारांचा क्लब

मँचेस्टर युनायटेडचा जन्म कोणा लॉर्डच्या वाड्यात झाला नाही. १८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ येथील डेपोतल्या कामगारांनी हा क्लब काढला. कॅरेज अँड वॅगन खात्यातले हे लोक. परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेल्या आमच्या वाचकांना हे खाते कोणते ते सांगायला नको! क्लबचे नावही न्यूटन हीथ असेच होते आणि सदऱ्याचा रंग होता हिरवा आणि पिवळा. १९०२ साली क्लब कर्जात बुडाला, तेव्हा जॉन हेन्री डेव्हिस या बिअरच्या कारखानदाराने पैसे घातले, क्लब वाचला आणि नाव बदलून मँचेस्टर युनायटेड झाले. त्या दिवसापासून क्लब पाहणारे कामगार आणि क्लबचा धनी दुसराच, ही व्यवस्था पक्की झाली. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ आमच्या मते इथे आहे.

या क्लबचे दोन मॅनेजर जगभर गाजले. पहिले मॅट बझ्बी, स्कॉटलंडच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचे पुत्र. १९४५ साली ते आले. त्यांनी तरुण पोरांचा संघ बांधला. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकच्या विमान अपघातात २३ माणसे गेली, त्यांत या संघाचे ८ खेळाडू होते. बझ्बी स्वतः मरता मरता वाचले. त्यांनी पुन्हा संघ उभा केला आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, युरोपियन कप जिंकला. अशा माणसानंतर खुर्चीवर बसणाऱ्याचे काय होणार? १९६९ नंतरच्या सतरा वर्षांत पाच जण त्या खुर्चीवर आले आणि गेले. त्यातले टॉमी डॉकर्टी यांची गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९७४ साली त्यांच्या हाताखाली संघ पहिल्या श्रेणीतून चक्क खाली घसरला. तरी त्यांना काढले नाही. पुढच्याच वर्षी ते संघ वर घेऊन आले. आणि १९७७ साली एफ. ए. कप जिंकूनही त्यांची नोकरी गेली ती खेळाशी संबंध नसलेल्या, घरगुती भानगडीमुळे. तेव्हा हरला म्हणून काढला, जिंकला म्हणून ठेवला, एवढा सरळ हिशेब या धंद्यात कधीच नव्हता.

तीन वर्षांच्या सबबी

नोव्हेंबर १९८६ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन आले तेव्हा संघ बावीस क्लबांच्या यादीत शेवटून दुसरा होता. फर्ग्युसन ग्लासगोच्या गोव्हन भागातले. वडील जहाजबांधणीच्या गोदीत कामाला. स्वतः फर्ग्युसन कारखान्यात टूलमेकरचे काम शिकलेले, युनियनचे शॉप स्टुअर्ड होते, उमेदवार कामगारांच्या संपात पुढे होते. स्कॉटलंडच्या ॲबर्डीन क्लबला त्यांनी १९८३ साली रियल माद्रिदला हरवून युरोपातला एक कप मिळवून दिला होता. अशी पाटी कोरी नसलेला माणूस आल्यावर लोकांनी आशा धरली. पहिल्या मोसमात संघ अकरावा आला, दुसऱ्या मोसमात दुसरा. तिसऱ्या मोसमात पुन्हा अकरावा.

१९८९ च्या उन्हाळ्यापासून खरी खडाजंगी सुरू झाली. फर्ग्युसन यांनी पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या लोकांच्या जिवाभावाच्या दोन खेळाडूंना विकले. दोघेही दारूत गुंतलेले होते आणि क्लबमधली ही पिण्याची चाल मोडल्याशिवाय काही खरे नाही, असे फर्ग्युसन यांचे मत होते. बदल्यात गॅरी पॅलिस्टरसाठी २३ लाख पौंड मोजले. त्या काळी ही डोळे विस्फारणारी रक्कम होती. त्याच ऑगस्टमध्ये मायकेल नाइटन नावाचे एक गृहस्थ क्लब विकत घेण्याच्या बेतात होते. सुमारे २ कोटी पौंडांचा सौदा. मोसमाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंचे कपडे घालून मैदानात उतरले आणि पायावर चेंडू झेलून दाखवला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दोन महिन्यांत सौदा मोडला आणि नाइटन मालक झालेच नाहीत! पब्लिक भोळी असते असे म्हणतात ते उगीच नाही. पण त्याच पब्लिकने फर्ग्युसन यांना मात्र एवढी सूट दिली नाही.

२३ सप्टेंबर १९८९ रोजी शेजारच्या मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५-१ असे झोडपले. ज्यांच्या एकाच घरात एक भाऊ युनायटेडचा, दुसरा सिटीचा, त्यांनी पुढचे कित्येक दिवस कसे काढले असतील ते कल्पनेनेच जाणावे. डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसने युनायटेडला घरच्या मैदानावर हरवले, तेव्हा एका चाहत्याने कापडी फलक उंच धरला. त्याचा आशय असा होता की, तीन वर्षे सबबी ऐकल्या, खेळ अजून तसाच टाकाऊ, चला, निघा आता फर्गी. आजूबाजूच्या लोकांनी त्याला खाली बसवले नाही. उलट टाळ्या दिल्या.

त्या हिवाळ्यातले दोन्ही पक्ष आपण नीट ऐकून घेतले पाहिजेत. कारण पुढे जे घडले त्यामुळे एका पक्षाला सगळे जग मूर्ख ठरवते, ते आम्हाला पटत नाही.

काढा म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे : तीन वर्षे हा काही कमी काळ नव्हे. शेवटची लीग १९६७ साली जिंकली, तिकडे लिव्हरपूलवाले ढीगभर करंडक घरी नेत आहेत. पैसा दिला, खेळाडू दिले, आवडती माणसे विकली तीही सहन केली. आम्ही आठवड्याच्या पगारातून तिकीट काढतो. कामावर आम्ही तीन वर्षे असे काम केले असते तर फोरमनने आम्हाला ठेवले असते काय? यातला शेवटचा प्रश्न बिनतोड आहे.

ठेवा म्हणणारे कमी होते. त्यांचे म्हणणे असे की, इमारत पाडून नवी बांधायची तर काही दिवस उघड्यावर काढावे लागतात. कर्णधार ब्रायन रॉबसन जखमी आहे, नवा नील वेब जखमी आहे. क्लबच्या पोरांच्या संघाकडे कोणी पाहतच नव्हते, फर्ग्युसन यांनी शाळाशाळांतून पोरे हेरणारी माणसे नेमली आहेत, त्याचे फळ यायला वेळ लागेल. झाड लावल्याबरोबर फळ मागू नका. हा युक्तिवाद त्या दिवसांत फार दुबळा वाटत असला पाहिजे, कारण पुराव्यादाखल दाखवायला यांच्या हातात काहीही नव्हते.

७ जानेवारी १९९० रोजी एफ. ए. कपच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टशी गाठ होती. हरले की मॅनेजर गेला, असे वर्तमानपत्रे छापत होती. मार्क रॉबिन्स या विशीच्या पोराने डोक्याने गोल मारला, युनायटेड १-० जिंकले. फर्ग्युसन यांची नोकरी या एका गोलाने वाचवली असे आजही सांगितले जाते. क्लबचे त्या वेळचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र पुढे सांगितले की, तो सामना हरले असते तरी आम्ही त्यांना काढणार नव्हतो. खरे काय ते एडवर्ड्स यांनाच ठाऊक. मे महिन्यात संघाने तो कप जिंकला, तोही पुन्हा त्याच क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. पहिला सामना ३-३ बरोबरीत, फेरसामना १-०. मात्र त्या वर्षी लीगमध्ये संघ तेरावा होता हे लोक विसरतात.

त्या फेरसामन्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या सामन्यात तीन गोल खाल्ले म्हणून फर्ग्युसन यांनी गोलकीपर जिम लेटन यांना बाहेर बसवले. लेटन हे ॲबर्डीनपासूनचे त्यांचे जुने सहकारी, त्यांच्याच शब्दावर मँचेस्टरला आलेले. कप मिळाला, पण दोघांचे संबंध तुटले ते तुटलेच. स्वतःला वेळ मिळावा म्हणून झगडणाऱ्या माणसाने दुसऱ्याला पाच दिवसांचाही वेळ दिला नाही. मॅनेजरचे काम असेच असते म्हणा, पण आम्हाला लेटन यांच्या बाजूने बोलणारे कोणी असायला हवे होते असे वाटते.

पुढचा इतिहास लाल शर्टातल्या पोरांना तोंडपाठ आहे. १९९३ साली २६ वर्षांनी लीग, १९९९ साली एकाच मोसमात तीन मोठे करंडक, २०१३ साली निवृत्त होईपर्यंत १३ लीग विजेतेपदे. ज्या शाळकरी पोरांसाठी धीर धरा म्हणत होते, त्यांतूनच रायन गिग्ज, डेव्हिड बेकहॅम, पॉल स्कोल्स निघाले.

फर्ग्युसन यांची सावली

यानंतर मँचेस्टरमध्ये मॅनेजरचा वाद निघाला की ठेवा म्हणणारा एकच पत्ता टाकू लागला : १९८९ आठवा! आणि खरोखर या पत्त्याला उत्तर देणे कठीण. पण इंग्लंडात तीन वर्षे अपयश आलेले मॅनेजर शेकड्याने झाले असतील. त्यांतला एक फर्ग्युसन निघाला, म्हणून प्रत्येकात फर्ग्युसन दडलेला आहे असे नव्हे. एका मुलाला दहावीत नापास होऊन पुढे मोठा साहेब होता आले म्हणून नापास होण्याची शिफारस कोणी करीत नाही.

२०१३ साली फर्ग्युसन यांनी मैदानात उभे राहून लोकांना सांगितले की, नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभे राहणे हे आता तुमचे काम. नवे मॅनेजर डेव्हिड मॉयस हे त्यांनीच सुचवलेले. करार सहा वर्षांचा. मैदानाच्या स्ट्रेटफर्ड एंड या बाजूला चाहत्यांनी मॉयस यांचे चित्र असलेला मोठा फलक लावला : निवडलेला माणूस. मग पराभव सुरू झाले. मार्च २०१४ मध्ये घरच्या मैदानावर लिव्हरपूलने ३-०, सिटीनेही ३-० ने हरवले आणि त्या फलकाजवळ राखणदार उभे करायची पाळी आली, कारण चाहतेच तो ओढून काढतील अशी भीती होती.

२९ मार्च २०१४ रोजी ॲस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यात काही चाहत्यांनी वर्गणी काढून विमान भाड्याने घेतले. मैदानावरून विमान गेले, त्यामागे फलक : चुकीचा माणूस, मॉयस चालते व्हा. मैदानातल्या पुष्कळ लोकांनी त्या विमानाची हुर्यो उडवली आणि मॉयस यांना टाळ्या दिल्या. एकाच क्लबचे चाहते, काही आकाशात, काही पायऱ्यांवर! संघ ४-१ जिंकला, तरी २२ एप्रिलला मॉयस यांना काढले गेले. सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत संपला.

मग रांगच लागली. लुई व्हान हाल यांना २०१६ साली एफ. ए. कप जिंकल्यावर दोन दिवसांनी घरी पाठवले. जोसे मोरिन्यो यांनी २०१७ साली दोन कप आणले, डिसेंबर २०१८ मध्ये ते गेले. एरिक टेन हाग यांनी २०२४ च्या मेमध्ये कप जिंकला, जुलैमध्ये त्यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढले. हा कारभार बघून आमच्या एखाद्या सहकारी सोसायटीच्या चेअरमनलाही हसू येईल.

यांत ओले गुन्नार सोलशेअर यांची गोष्ट निराळी. १९९९ चा विजयी गोल मारणारा, लोकांचा लाडका. २०१८ च्या डिसेंबरात हंगामी म्हणून आले, २०१९ च्या मार्चमध्ये पॅरिसला जाऊन मोठा विजय मिळवला आणि यांनाच कायम करा असा चाहत्यांचा आणि टीव्हीवरच्या पंडितांचा एकच गजर सुरू झाला. क्लबने कायम केले. नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून ४-१ असा पराभव झाल्यावर ते चाहत्यांसमोर गेले, हात वर करून माफी मागितली. काहींनी हुर्यो केली. तेव्हा ब्रूनो फर्नांडिस हा खेळाडू पुढे झाला आणि हातवारे करून सांगू लागला की, दोष एकट्या याचा नाही, आमचाही आहे. दुसऱ्याच दिवशी सोलशेअर यांची नोकरी गेली. अकरा खेळाडू मात्र होते तिथेच राहिले.

मॅनेजर बदलल्याने खरोखर फरक पडतो काय? नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास टेर वेल यांनी तिथल्या लीगमधील १९८६ ते २००४ या काळातील सामने तपासले. मॅनेजर काढल्यावर संघाचा खेळ सुधारतो हे खरे, पण तितकीच वाईट अवस्था असूनही ज्यांनी मॅनेजर काढला नाही, ते संघही तसेच सुधारले, असे त्यांना आढळले. आमच्या वाचकांच्या भाषेत सांगायचे तर ताप उतरायच्या बेताला आला असताना डॉक्टर बदलला, की गुण नव्या डॉक्टरच्या पदरात पडतो.

यादीत नाव कोणाचे?

चाहत्यांच्या वादात आणखी एक प्रश्न फार थोडे लोक विचारतात, तो आम्ही विचारतो. मॅनेजर बदला म्हणता, पण नव्याची यादी बनते कशी? युनायटेडच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंनी घाम गाळून कप जिंकून दिले. १९४५ पासून २०२४ पर्यंत ज्यांची मॅनेजर म्हणून कायम नेमणूक झाली, त्यांत कृष्णवर्णीय एकही नाही. वडिलांकडून आफ्रिकी वंशाचे असलेले रायन गिग्ज २०१४ साली चार सामन्यांपुरते हंगामी होते, एवढेच.

पात्र माणसे नव्हती असे म्हणावे तर मँचेस्टरजवळच्या रॉचडेल या गावाचा दाखला आहे. तिथल्या क्लबने १९६० साली टोनी कॉलिन्स या कृष्णवर्णीय गृहस्थांना मॅनेजर केले. इंग्लंडच्या लीगमधले ते पहिले. १९६२ साली त्यांनी चौथ्या श्रेणीतला तो छोटा क्लब लीग कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. पुढे त्यांनी खेळाडू पारखण्याचे काम केले, युनायटेडसाठीही केले. मोठ्या क्लबची खुर्ची मात्र लाभली नाही. फर्ग्युसन यांनी १९८९ साली घेतलेला पॉल इन्स २००८ साली ब्लॅकबर्नचा मॅनेजर झाला, प्रीमियर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश मॅनेजर. सहा महिन्यांच्या आत त्याला काढले. प्रीमियर लीगमध्ये त्याला पुन्हा संधी मिळाली नाही. गोऱ्या मॅनेजरला एका क्लबने काढले की दुसरा क्लब बोलावतो, तिथून काढले की तिसरा. अपयश दोघांचे सारखेच असले तरी ते कोणाला आयुष्यभर चिकटते, हे आपण ओळखतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये २००३ साली नियम झाला की, मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य समाजातल्या किमान एकाची मुलाखत घ्यावी. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २०१८ साली राष्ट्रीय संघांच्या नेमणुकांपुरते हे तत्त्व मान्य केले. ही राखीव जागा नव्हे, नुसती मुलाखत. तीसुद्धा मागून घ्यावी लागली.

कोणाला किती मिळाले

आता पैशाचे बोलू. २००५ साली ग्लेझर या अमेरिकन कुटुंबाने सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, आणि त्यातले बरेचसे कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवले. घर विकत घ्यायचे आणि हप्ते घरातल्या भाडेकरूंकडून वसूल करायचे, असा हा प्रकार. २०२४ साली जिम रॅटक्लिफ या उद्योगपतीने सुमारे चतुर्थांश हिस्सा घेतला आणि खेळाचा कारभार हाती घेतला. टेन हाग आणि त्यांचे सहकारी यांना काढताना क्लबला सुमारे १ कोटी ४ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. त्याच २०२४ साली काटकसर म्हणून क्लबमधल्या सुमारे २५० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी दीडशे ते दोनशे नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर झाले. ओल्ड ट्रॅफर्डवरच्या कर्मचाऱ्यांचे कँटीन बंद करून जेवणाऐवजी फळे देण्याचे ठरले. मोसमाच्या मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला, त्यात लहान मुले आणि पेन्शनर यांना सवलत नाही. खुद्द फर्ग्युसन यांना क्लबचे राजदूत म्हणून जे मानधन मिळत होते, तेही बंद करण्याचा निर्णय झाला.

मॅनेजर गेला की पहिल्या पानावर बातमी. कँटीनमधली बाई गेली की तिचे नाव कोणी विचारत नाही. मॅनेजरला जाताना करारातली रक्कम मिळते, तो दुसरीकडे कामाला लागतो. तेव्हा मॅनेजरला काढा म्हणून ओरडणाऱ्या चाहत्याने क्षणभर थांबून पाहावे की, मालक या ओरडण्याला घाबरतो की त्याला ते सोयीचे जाते. मॅनेजर बदलला की चार महिने मालकाकडे कोणी बघत नाही. मँचेस्टरमधल्या पुष्कळ जाणत्या चाहत्यांना हे कळले आहे. २०१० साली ते मैदानात लाल मफलर सोडून न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांचे हिरवे-पिवळे मफलर बांधून आले. २ मे २०२१ रोजी तर ते मैदानातच घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. मागणी मॅनेजर बदलण्याची नव्हती, मालक बदलण्याची होती.

काही जण आणखी पुढे गेले. ग्लेझर आले त्याच वर्षी, २००५ मध्ये, त्यांनी युनायटेडचे तिकीट काढणे सोडले आणि स्वतःचा क्लब काढला : एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर. लीगच्या पार तळाच्या श्रेणीपासून सुरुवात. इथे मालक नाही, सभासद आहेत. कोणी कितीही पैसे दिले तरी प्रत्येकाला मत एकच. एक माणूस, एक मत ही गोष्ट आमच्या वाचकांना नव्याने सांगायची गरज नाही. फुटबॉलमध्ये मात्र ती अपूर्वाईची आहे. सभासद संचालक निवडतात, वार्षिक सभेत जाब विचारतात. २०१५ साली न्यूटन हीथच्या जवळच मॉस्टन येथे त्यांनी स्वतःचे मैदान उभारले.

म्हणजे तिथे सगळे गोड झाले असे कोणी समजू नये. २०१६ साली सभासद आणि संचालक यांत मोठा तंटा झाला आणि जुनी माणसे पायउतार झाली. आपल्या मंडळांच्या सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. पण मॅनेजरच्या बाबतीत या क्लबची नोंद पाहण्यासारखी आहे. पहिल्या दिवसापासून कार्ल मार्जिन्सन हे एकच मॅनेजर होते. पहिल्या तीन मोसमांत संघ दर वर्षी एक पायरी वर चढला. मग सहा-सात वर्षे चढ नाही. मोठ्या क्लबमध्ये एवढ्या काळात चार मॅनेजर झाले असते. इथे पायऱ्यांवर कुरबुर झाली, सभांत प्रश्न झाले, पण मार्जिन्सन राहिले आणि २०१५ साली संघ चौथ्यांदा वर गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये निकाल फार बिघडले तेव्हा त्यांनी पद सोडले. बारा वर्षे झाली होती. त्याच बारा वर्षांत पलीकडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर फर्ग्युसन जाऊन कायमचे म्हणून नेमलेले तिसरे मॅनेजर चालू होते, आणि त्यांनाही काढावे की ठेवावे, याचा वाद गुत्त्यांतून सुरू झाला होता.